फ्रांक नेझेंचे सायटेशन पाहून आपल्या सरांचं काम लहान समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. संपत आलंय, इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीमध्येच पीएच.डी. करायची आहे, आणि गूगल स्कॉलरवर जर्मनीतल्या फ्रांक नेझे या रसायनशास्त्रज्ञाचं पान उघडल्यापासून आपल्या सरांचे शे-दीडशे सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले संदर्भ, पाहून मन खट्टू झालंय. इथे नागपुरात राहून संशोधन करण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी इथल्याच विद्यापीठाची. अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये शिफ बेस या सेंद्रिय रेणूंचे तांब्याशी आणि निकेलशी जोडलेले कॉम्प्लेक्स बनवत पाच वर्षं काढली, आता शिकवते. नेझेंच्या सायटेशनचा आकडा खरा आहे. पण तो कशाचा बनलाय ते आधी बघा.

नेझे म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत संचालक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या गटाने 'ऑर्का' हा क्वांटम केमिस्ट्रीचा, म्हणजे रेणूंचे गुणधर्म गणिताने काढणारा, प्रोग्रॅम घडवला. विद्यापीठांना तो फुकट मिळतो. 2012 साली त्याची ओळख करून देणारा त्यांचा जेमतेम सहा पानांचा पेपर आला. ऑर्का वापरला की लोक तो पेपर संदर्भात देतात.

मीही दिलाय. मे महिना होता, पारा 45 च्या आसपास, सुट्ट्यांमुळे डिपार्टमेंट ओस. कूलरमध्ये पाणी भरायचं आणि पुन्हा पीसीसमोर बसायचं. इनपुट फाइलची पहिली ओळ उद्गारचिन्हाने सुरू होते, पुढे फंक्शनल आणि बेसिस सेट, म्हणजे गणनेची पद्धत कोणती ते. माझ्या अष्टफलकी निकेल कॉम्प्लेक्सचं गणित काही केल्या जुळेना. दोन दिवसांनी चूक सापडली: निकेलवर दोन अयुग्मित (जोडी न जमलेले) इलेक्ट्रॉन, म्हणजे स्पिन मल्टिप्लिसिटी (अशा इलेक्ट्रॉनांच्या संख्येत एक मिळवून येणारा आकडा) 3 हवी, मी 1 लिहिली होती. ती बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आउटपुटच्या तळाशी 'ऑर्का टर्मिनेटेड नॉर्मली' अशी ओळ आली. त्या वेळचा आनंद मी अजून विसरलेले नाही. पुढे पेपर लिहिताना गणनेच्या परिच्छेदात एक वाक्य टाकलं आणि नेझेंच्या खात्यात एक सायटेशन जमा झालं. तुम्ही पाहिलेल्या आकड्यात नागपूरचंही एक आहे.

साधनाला मिळणारे सायटेशन किती फुगतात याचं एक मोठं उदाहरण क्रिस्टलवाल्यांकडे, म्हणजे स्फटिकांवरून रेणूची रचना शोधणाऱ्यांकडे आहे. गटिंगेनच्या जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये अशी रचना काढणाऱ्या शेलएक्स या प्रोग्रॅमचा छोटा इतिहास छापला, आणि प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी सर्वसाधारण संदर्भ म्हणून हाच पेपर द्यावा असं त्यातच सुचवलं. जगभर रोज क्रिस्टल स्ट्रक्चर सुटतात, सगळ्यांनी तो दिला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (पेपरमागे सरासरी किती सायटेशन ते सांगणारा आकडा) एका वर्षात सुमारे 2 वरून जवळजवळ 50 वर गेला. बाकीच्या लेखकांचं काम काही एका वर्षात पंचवीसपट सुधारलं नव्हतं.

म्हणून साधन बनवणं हलकं काम असं मात्र समजू नका. ज्याच्याकडे महागडं लायसन नाही त्याच्या हातात इतकी ताकद देणं याला मी फार मोठं योगदान मानते. पण नेझेंना समजून घ्यायचं तर त्यांचं दुसरं काम वाचा. प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून ऑक्सिजन बनवणारा चार मँगनीज आणि एक कॅल्शियमचा गुच्छ असतो. त्याच्या एकाच अवस्थेत दोन वेगवेगळे ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉन टिपणारी चाचणी) सिग्नल मिळतात, आणि हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. 2012 मध्ये पंताझिस, नेझे आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं की या गुच्छाच्या दोन रचना असून त्या एकमेकींत बदलू शकतात, आणि एकेक सिग्नल एकेकीचा आहे. या पेपरला सायटेशन प्रोग्रॅमच्या पेपरपेक्षा कितीतरी कमी आहेत. मला विचाराल तर त्यातलं रसायन जास्त मोलाचं.

संशोधकाचं वजन एका आकड्यात मोजणाऱ्या एच-इंडेक्सचंही तसंच. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो मांडला: 20 पेपरना प्रत्येकी किमान 20 सायटेशन असतील, तर एच 20. वयाबरोबर तो वाढतच जातो, कमी कधीच होत नाही, आणि पेपरवर दहा नावं असली तरी प्रत्येकाला पूर्ण श्रेय देतो. एका मुलाखतीत मला फक्त हा आकडा विचारला गेला, कॉम्प्लेक्सबद्दल एक शब्द नाही. ते अजून सलतं.

आता तुमच्या सरांकडे वळा. त्यांच्या दोन-तीन पेपरच्या 'सायटेड बाय'वर क्लिक करा, आणि संदर्भ देणारे पेपर उघडून त्यांचं नाव कुठे आलंय ते शोधा. प्रस्तावनेत पंधरा जणांच्या रांगेत असेल तर सोडून द्या. कुणी त्यांच्या कृतीने तोच लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) बनवलाय का, त्यांचं मॅग्नेटिक मोमेंटचं (कॉम्प्लेक्सच्या चुंबकीय ताकदीचं) मूल्य आपल्याशी ताडून पाहिलंय का, ते बघा. माझ्या एका पेपरला चौदाच सायटेशन आहेत, पण त्यातल्या एका गटाने माझी कृती जशीच्या तशी वापरली आणि त्यांना तोच हिरवा पदार्थ मिळाला. असं एक जरी सरांच्या यादीत सापडलं तर त्यांच्याकडे निर्धास्त जा. आणि पहिल्याच आठवड्यात ऑर्का डाउनलोड करून घ्या, सरांचे कॉम्प्लेक्स त्यात घालून पाहा. मल्टिप्लिसिटी तेवढी तपासा.