पाच महिन्यांचं बॉर्डर कोली पिल्लू मैदानावर चेकाळतं. अ‍ॅजिलिटीसाठी त्याला कसं तयार करू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: नाशिकला राहता, मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कोली जातीचं नर पिल्लू आहे, पुढे अ‍ॅजिलिटीत, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, उतरवायचंय. घरात बस-उठ सगळं येतं. मैदानावर पोरं क्रिकेट खेळताना दिसली की मात्र भुंकणं, गोल गोल फिरणं, तुमच्या बाहीला लटकणं सुरू होतं आणि तोंडासमोर धरलेलं चिकनही त्याला दिसत नाही. कुणीतरी सांगितलंय की आधी अर्धा तास बॉल टाकून दमवा, मग शिकवा.

नका दमवू. रोज अर्धा तास बॉलमागे पळणाऱ्या कोलीचा दम वाढतो. महिन्याभरात त्याला पाऊण तास लागेल आणि दमाल तुम्ही. त्यात सुसाट जाऊन करकचून थांबणं, जागेवर गिरकी घेणं याचा सगळा भार वाढत्या हाडांवर येतो. आणि दमलेलं पिल्लू शांत होतंच असं नाही. दुपारची झोप हुकलेलं पोर संध्याकाळी जसं किरकिरतं, तसंच हेही. फरक एवढाच की याला दात आहेत. या वयात दिवसाकाठी 16 ते 18 तास झोप लागते. ‘संध्याकाळी सातला याच्या अंगात येतं’ म्हणणाऱ्यांना मी आधी दुपारी ते कुठे झोपतं ते विचारते. बहुतेक वेळा उत्तर ‘हॉलमध्ये’ असतं, जिथे बेल वाजते, मुलं येतात-जातात, टीव्ही चालू असतो. क्रेट (पिल्लाचा झोपायचा पिंजरा) किंवा आतली खोली, पडदा ओढून, दुपारचे दोन-तीन तास. आधी एवढं करा. बरीचशी बाही त्यातच सुटते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पिल्लाचा जोश कमी करायचा नाहीये, चढलेला जोश उतरवायला त्याला शिकवायचं आहे. माझी कोली, टिकली, आता मोठी झाली. स्पर्धेच्या रिंगमध्ये शिरताना तिचे डोळे आजही निखाऱ्यासारखे होतात आणि मला ते हवंही असतं. थंड कुत्र्याबरोबर हा खेळ खेळण्यात मजा नाही. पण 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून सुचलेला हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर आला, तेव्हापासून यात नुसता वेग कधीच पुरलेला नाही. सुरुवातीच्या रेषेवर कुत्र्याला एकटं बसवून हँडलर, म्हणजे त्याला पळवणारा माणूस, पुढे जातो. ए-फ्रेम (तंबूसारखा चढ-उतार), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ (खाली-वर होणारी फळी) यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्यात पाय पडला नाही की दोष लागतो. वीव्हच्या, म्हणजे नागमोडी पळत जायच्या, 12 काठ्या 60 सेंटिमीटर अंतरावर असतात, एकही सोडून चालत नाही. चेकाळलेलं कुत्रं नेमकं इथेच चुकतं: रेषेवरून निसटतं, पट्ट्यावरून उडी मारतं, दहाव्या काठीला बाहेर पडतं, मग गोंधळतं आणि तो राग हँडलरच्या पोटरीवर काढतं.

म्हणून पहिला धडा मैदानावर नाही, घरात, ओढाओढीच्या खेळातून. जुन्या जीन्सची हातभर पट्टी घ्या, शेवटी गाठ मारा. पट्टी जमिनीवरून सरपटवा, त्याने पकडली की आडवी, हळू ओढा. वर उचलायची नाही, झटके द्यायचे नाहीत, मानेला त्रास होतो. शिवाय पाचव्या महिन्यात दात पडून नवे येत असतात, हिरड्या दुखतात, कधी पट्टीवर रक्ताचा ठिपका दिसतो. घाबरू नका, त्या दिवशी खेळ सौम्य ठेवा. पाच-सात सेकंद ओढाओढी, मग तुमचा हात मांडीला टेकवून पट्टी पूर्ण निर्जीव करा. बोलू नका, खेचू नका. सोडलं की त्या क्षणी ‘हां’ म्हणा आणि खाऊचे चार-पाच दाणे जमिनीवर पसरून टाका. नाक खाली गेलं की श्वास बदलतो, शेपूट सैल पडते, हे तुम्हाला समोर दिसेल. दाणे संपवून ते मान वर करून तुमच्याकडे बघेल. चारही पाय जमिनीवर, तोंड बंद. तेव्हा पट्टी पुन्हा जिवंत. असं वर-खाली तीन-चार वेळा, की संपलं. दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

या खेळात बोटांकडे लक्ष ठेवा. हातातून खाऊ घेताना पिल्लाचे ओठ लागतात तोवर ठीक आहे. दात लागायला लागले, म्हणजे पारा चढला. बोट सोलवटलं, म्हणजे तुम्ही मघाशीच थांबायला हवं होतं. खाऊच घेतला नाही तर शिकवणं त्या दिवसापुरतं संपलं. आवाज चढवून, नाव घेऊन घेऊन काही होत नाही. मैदानावर तुमचं पिल्लू या शेवटच्या पायरीवर असतं, म्हणून तिथे त्याला ‘बस’ ऐकू येत नाही. मुद्दाम करत नाही ते.

दुसरी गोष्ट लोकांच्या सहज नजरेतून सुटते: खेळ नेमका कशाने सुरू होतो? पिल्लू भुंकलं, तुमच्या अंगावर उड्या मारल्या, आणि तुम्ही ‘हो हो, चल चल’ म्हणत लीश काढली. पिल्लाच्या हिशेबात भुंकल्यानेच दार उघडलं. दार, लीश, गाडीतून उतरणं, पट्टी बाहेर निघणं, या सगळ्याची किल्ली एकच ठेवा. चार पाय जमिनीवर आणि नजर तुमच्याकडे, की लगेच ‘चल’. तोवर तुम्ही खांब. ‘बस’ असा हुकूमही सोडू नका, त्याला स्वतःहून ते सुचू दे. पहिल्या दिवशी दारात बराच वेळ जाईल आणि शेजारचे काका विचारतील, काय झालं म्हणून. आठवड्याभरात दारात पोचल्यावर पिल्लू स्वतःच मागे वळून बघायला लागेल. तुमच्या आवाजाचंही तेच. किंचाळून ‘शाब्बास, शाब्बास’ करणारी माणसं मला आवडतात, पण कोलीसमोर ते आगीत तेल आहे.

मग मैदान. मधोमध जायचंच नाही. गेटपाशी, भिंतीच्या कडेला, जिथून क्रिकेट दिसतं पण पिल्लू अजून खाऊ खातंय, तिथे गोणपाटाचा तुकडा पसरा आणि तुम्ही शेजारी बसा. ते खेळाकडे बघेल. बघू दे. बघितलं की ‘हां’, आणि खाऊ गोणपाटावर. पुन्हा बघेल, पुन्हा तेच. थोड्या वेळाने ते चेंडू बघून आपणहून तुमच्याकडे वळतं, त्या क्षणाची वाट बघायची. पाच-सात मिनिटांत घरी. दुसऱ्या दिवशी जागा तीच. अंतर कमी करायची घाई नको, बॉर्डर कोलीला हलणाऱ्या गोष्टीवर नजर रोखायला माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडलंय. एखाद्या दिवशी मैदानातली मोकाट कुत्री अंगावर धावून आली, तर खाऊची मूठ त्यांच्या दिशेने भिरकावून पिल्लाला घेऊन निघा. त्या दिवशी शिकवणं नाही. गोणपाट घरीही वापरा, तुमच्या जेवणाच्या वेळी, त्यावर चघळायला काहीतरी देऊन. मग तो ओळखीच्या वासाचा तुकडा जिथे पडेल तिथे आडवं व्हायचं हे त्याच्या अंगवळणी पडतं. स्पर्धेत आपली पाळी येईपर्यंत तासन्‌तास थांबावं लागतं, त्यात हेच कामी येतं.

उड्यांचं म्हणाल तर अजून नाहीत. एफसीआयच्या (श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत 18 महिने पुरे झाल्याशिवाय कुत्र्याला अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धेत उतरताच येत नाही आणि त्यामागे कारण आहे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा भरून यायला वर्ष-सव्वा वर्ष, मोठ्या जातींत त्याहून जास्त लागतं. तोवर बार, म्हणजे उडीची आडवी काठी, जमिनीवर ठेवून नुसतं दोन खांबांमधून जाणं, छोटा सरळ बोगदा, वीव्ह अजिबात नाही.

पण या काळात करायला भरपूर आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेलं साधन म्हणजे आपला जेवायला बसायचा पाट. खाली रबराची चटई घाला, घसरायला नको. पिल्लाचे पुढचे दोन पाय पाटावर आले की खाऊ. ते पक्कं झालं की तुम्ही पाटाभोवती अर्धं पाऊल सरका. पुढचे पाय तिथेच ठेवून तुमच्याकडे तोंड करायचं तर त्याला मागचे पाय हलवावे लागतात. पहिल्यांदा ते बावचळतं, मागे वळून बघतं, जणू तिकडे दुसरंच कुणी उभं आहे. मग एक मागचा पाय आडवा पडतो. तेवढ्याला ‘हां’. पुढे डॉगवॉकवरच्या अरुंद फळीवर कुत्रं पडत नाही ते या मागच्या पायांच्या जाणिवेमुळे. आणि चेकाळणाऱ्या पिल्लासाठी तर हे औषध, कारण घाईत हे जमतच नाही. सी-सॉची तयारीही घरी होते: फळीच्या एका टोकाखाली घडी घातलेला टॉवेल, पंजा ठेवला की धप्प आवाज, आवाज झाला की खाऊ. आवाज आपण करतो हे कळलं की त्याची भीती बसत नाही.

उन्हाचं एक. नाशिक काय नि पुणे काय, मार्च ते मे सकाळी सातच्या आत आटपा. चेकाळलेल्या कुत्र्याला ऊन लागल्याचं कळत नाही, ते थांबत नाही, तुम्हालाच थांबवावं लागतं. जोरदार पळाल्यावर काही मिनिटांत झोकांड्या खाणं, मागचे पाय ओढणं, शून्यात बघणं असं बॉर्डर कोलीत दिसू शकतं. असं झालं की लगेच सावली, पाणी, आणि डॉक्टर. अंगावरचे केस भादरू नका, ते उन्हापासून वाचवतात.

साखळीला झटका द्या, काटेरी पट्टा घाला, असंही तुम्हाला सांगितलं जाईल. वरवर परिणाम दिसतो, म्हणून लोक भुलतात. पण क्रिकेट दिसलं की मान दुखते असं पिल्लाच्या डोक्यात बसलं, तर उद्या ते क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवरच धावून जाईल.

आठव्या-नवव्या महिन्याच्या पुढे सगळं विसरल्यासारखं करेल. तेव्हा पुन्हा गेटपाशी, पुन्हा गोणपाट. खाऊच्या भांड्यापाशी अंग ताठ करून गुरगुरत असेल, किंवा घरात शांत असतानाही झोपूच शकत नसेल, तर मात्र हे निव्वळ चेकाळणं नाही. आधी डॉक्टरांकडून पोट, त्वचा, सांधे तपासून घ्या.

क्लास लावायचा असेल तर पहिल्यांदा पिल्लाला घरी ठेवून एकटेच जा. रिंगमधल्या कुत्र्याकडे बघू नका, बाहेर पाळीची वाट बघणाऱ्यांकडे बघा. ती सगळी तासभर लीशच्या टोकाला भुंकत असतील, तर तुमचं पिल्लू तिथे तेच शिकणार. आणि पाच महिन्यांचं आहे म्हटल्यावरही पहिल्याच दिवशी त्याला बारवरून उडवायला निघाले, तर फी भरू नका.