दीक्षान्ताचा दिवस मोजू नकोस

वेंगुर्ले

प्रिय मुलीस सप्रेम आशीर्वाद.

तुझा निरोप तुझ्या आईने काल वाचून दाखवला. ओपीटीच्या, म्हणजे अमेरिकेत शिक्षणानंतर आपल्या विषयात काही काळ काम करण्याच्या परवानगीच्या, अर्जाचे साठ दिवस दीक्षान्त समारंभापासून मोजायचे ना, असे तू विचारले आहेस आणि खोलीतल्या मुली 'हो' म्हणतात असेही कळवले आहेस. त्या चुकत आहेत. झगा आणि टोपी घालून फोटो काढण्याच्या दिवसाशी या मोजणीचा काहीही संबंध नाही. आय-ट्वेंटीवर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, अभ्यासक्रम संपण्याची जी तारीख छापलेली आहे, तिच्या आधीच्या ९० दिवसांपासून तिच्या नंतरच्या ६० दिवसांपर्यंत अर्ज यूएससीआयएस या तिथल्या स्थलांतर खात्याकडे पोहोचलेला असावा लागतो. शिवाय विद्यापीठातील डीएसओने, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, सेविस या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवली की त्या दिवसापासून ३० दिवसांची वेगळी मुदत लागू होते आणि दोन्हींपैकी जी आधी संपेल तीच तुझी मुदत असते. हे सारे लिहिलेले आहे. तू कागद स्वतः वाच.

आपल्याकडचे जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तुझ्या आजोबांनी शेजाऱ्याला वेळ विचारून होडी लोटल्याचे मी कधी पाहिले नाही, आणि त्यांची नात एवढी शिकून खोलीतल्या मुलींना तारखा विचारते, याचा मला राग आला हे लपवत नाही.

राग तुझ्यापेक्षा माझ्यावर अधिक आहे. माझा अभ्यासक्रम २००९ च्या मे महिन्यात संपला. ओपीटी सुरू होण्याची तारीख समाप्तीनंतरच्या ६० दिवसांत कोणतीही मागता येते, पण 'लवकरची माग, कामाच्या परवान्याचे कार्ड लवकर येईल' असे एका मित्राने सांगितले म्हणून मी अगदी पहिलीच मागितली. मंदीचे दिवस होते, नोकरी हातात नव्हती, आणि त्या तारखेपासून बेकारीचे दिवस मोजले जाऊ लागले. एकूण ९० दिवसांच्या वर गेले की एफ-१ हा विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात. मधल्या काळात एका छोट्या कचेरीने माझ्याच विषयातले काम आठवड्याला वीस तास, पण बिनपगारी, देऊ केले होते. फुकटचे काम काय मोजतील, असे समजून, आणि खरे सांगायचे तर मानापोटी, मी नाही म्हणालो. साध्या ओपीटीत तसे काम धरले जाते हे मी इथे परतल्यावर, ओटीवर बसून वाचले.

काजूची बाग बोलावत होती म्हणून परतलो, असे मी गावात सांगतो. बाग होतीच; तिच्यातली वेंगुर्ला-४ ची झाडे मी लावली आहेत आणि परतल्याचे मला दुःख नाही. पण परतायचे की राहायचे हे ठरवण्यासारखे तेव्हा काही उरले नव्हते, हे मात्र मी कोणाला सांगत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, कागद वाच. तुझा विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितात, येतो, त्यामुळे ओपीटीच्या बारा महिन्यांनंतर आणखी २४ महिने मिळतील असे तू गृहीत धरले आहेस. आय-ट्वेंटीवरचा विषयाचा सांकेतिक क्रमांक सरकारी यादीशी ताडून पाहिलास का? नोकरी देणारा ई-व्हेरिफाय या कामाचा हक्क पडताळणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला असावा लागतो, त्याच्यासह आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून द्यावा लागतो आणि तिथे बिनपगारी काम चालत नाही. बेकारीचे दिवस तेव्हा ९० वरून १५० होतात, पण आधी वापरलेले दिवस त्यांतच धरले जातात. पत्ता किंवा नोकरी बदलली तर ते दहा दिवसांत कळवायचे असते, आणि ते कळवणे तुझे काम आहे, कचेरीचे नव्हे.

हे नियम बदलत असतात, त्यामुळे माझे पत्रही पुरावा मानू नकोस. आय-ट्वेंटीच्या पहिल्या पानावरची समाप्तीची तारीख या आठवड्यात मला कळव. समारंभाचा फोटो मागाहून पाठवलास तरी चालेल.

तुझा काका