टॅब कुणाच्या हातात?

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सातवीच्या वर्गात ३२ मुलं आणि ८ टॅब, वर स्मार्ट टीव्ही. इंग्रजीच्या तासाला एवढं साहित्य मिळालंय, याचा मनापासून आनंद आहे. मात्र तासाला कुणाला बोलायला मिळतं, हे यंत्रावर सोडू नकोस.

गटाला टॅब दिला की तो पहिल्याच मिनिटाला सर्वांत चटपटीत मुलाच्या हातात जातो आणि तास संपेपर्यंत तिथेच राहतो. बाकीचे नुसते माना वाकवून बघतात. म्हणून चौघांचा गट कर आणि दर ५ मिनिटांनी टॅब उजवीकडच्याला द्यायला लाव. ज्याच्या हातात टॅब, त्याने फक्त टाइप करायचं. काय टाइप करायचं ते उरलेल्या तिघांनी इंग्रजीत सांगायचं.

क्विझमधलं घड्याळ आणि गुणतक्ता बंद ठेव. नाहीतर जिंकतो तो भराभर बोटं चालवणारा, आणि मागे पडलेल्यांची नावं अख्ख्या वर्गाला दिसतात.

‘शाळेत मोबाइल असावा का?’ असं मतदान घेशील, तेव्हा आलेख लगेच दाखवू नकोस. एक स्तंभ वाढताना दिसला की काठावरची मुलं तिकडेच झुकतात. आधी मत, मग जोडीत २ मिनिटं चर्चा, पुन्हा मत आणि मगच आलेख. ज्या बाजूला मतं कमी, तिला पहिल्यांदा बोलू दे. ‘आय सी युवर पॉइंट, बट...’, ‘कॅन आय अ‍ॅड समथिंग?’ अशी चार वाक्यं फळ्यावर असू देत. मतभेद मांडायला शब्द नसले की मूल गप्प बसतं, नाहीतर मराठीत भांडतं!

प्रश्न विचारलास की ३ सेकंद थांब. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांबद्दल लिहिलं, की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारेही बोलू लागतात. परक्या भाषेत तर ही सवड जास्तच लागते.

उच्चार तपासणारं अ‍ॅप ‘वेस्ट’ (west) आणि ‘व्हेस्ट’ (vest) यांमध्ये आपल्या मुलांना हमखास अडवेल. ती लाल खूण टीव्हीवर आणू नकोस. ऐकणाऱ्या जोडीदाराला कळलं का, हे आधी विचार. दुरुस्ती नंतर, शेजारी बसून.

मुलांचा आवाज कुठल्याही अ‍ॅपवर चढवण्याआधी पालकांची संमती घे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे. ज्या घरातून नकार येईल, तिथलं मूल तोच संवाद जोडीदारासोबत वर्गात म्हणेल, आणि गुणही तेवढेच मिळतील.

अनेक आशीर्वाद.