माउस न वापरता विंडोजवर काम करायला नेमके कोणते शॉर्टकट शिकावेत?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. होऊन अकाउंट्समध्ये लागलात, साहेब सारखे म्हणतात "माउसचा नाद सोड", आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली शंभर शॉर्टकटची पीडीएफ तीनदा वाचूनही कंट्रोल सी, कंट्रोल व्हीच्या पलीकडे काही डोक्यात राहत नाही. मग कोणते शिकायचे?

शंभर मलाही येत नाहीत. सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी १६ वर्षं काम करते, आणि मोजायला बसले तर रोजच्या वापरातले वीस-पंचवीसच भरतील. तेही पाठ केलेले नाहीत. प्रत्येकामागे कुठली ना कुठली अडचण आहे.

मी लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर एक काकू बसायच्या. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांचा हात बघत राहावा असा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, कंट्रोल + ए दाबून एंट्री आत. हळदीच्या व्यापाऱ्याची महिन्याभराची बिलं जेवणाच्या सुट्टीआधी संपवायच्या आणि तेवढ्यात माउसला हातही लागायचा नाही. पण टॅली बाजूला ठेवून एखादं फोल्डर उघडायचं म्हटलं की त्याच काकू चष्मा वर करून माउसचा बाण शोधायच्या. बाई तीच, कीबोर्डही तोच. टॅलीतलं प्रत्येक बटण हातातल्या एकेका कागदाला बांधलेलं होतं आणि त्याचं नाव पडद्यावर समोरच दिसायचं. विंडोजचं तसं नाही. तिथे माउसने सगळं होतं, त्यामुळे बटणाची गरजच पडत नाही.

माझ्यावर गरज पडली ती एका २० तारखेला. जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख, संध्याकाळचे सात वाजलेले, दोन पार्ट्या (आमचे ग्राहक) राहिलेल्या, आणि वायरलेस माउसमधला सेल संपला. समोरचं दुकान बंद. मग टॅब दाबत दाबत फॉर्म भरला. त्या दीड तासात जे शिकले ते आजही पुरतंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

टॅबने पुढच्या रकान्यात जाता येतं, शिफ्ट + टॅबने मागच्या. चौकोनात टिक करायची तर स्पेसबार. खाली उघडणारी यादी असेल तर ऑल्ट + खालचा बाण, मग हव्या त्या नावाचं पहिलं अक्षर. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जायला कंट्रोल + एल. पान लांबलचक असलं आणि एका लिंकपाशी पोचायला चाळीस वेळा टॅब दाबायचा कंटाळा आला, तर कंट्रोल + एफ दाबून त्या लिंकवरचा शब्द टाइप करा. तो सापडला की एस्केप आणि मग एंटर. क्रोममध्ये लिंक तशीच उघडते. हे मला त्या रात्री चुकून कळलं आणि एवढा आनंद झाला की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने "बरं" म्हटलं. चुकून ब्राउझरमधला टॅब, म्हणजे उघडलेलं पान, बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी. तो परत येतो, पण त्यात भरलेले आकडे परत येतीलच असं नाही.

आता थोडं व्याकरण, म्हणजे पाठांतर कमी होईल. विंडोजचं बटण दाबलं की तुम्ही बहुधा संगणकाशी बोलता. कंट्रोल दाबलं की समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमशी. शिफ्ट बऱ्याचदा दिशा उलटी करतं किंवा निवड वाढवतं. अपवाद भरपूर आहेत, पण एवढ्या अंदाजावर निम्मं काम होतं. विंडोज + ई म्हणजे फोल्डरची खिडकी, विंडोज + डी म्हणजे सगळं खाली करून डेस्कटॉप, विंडोज + एल म्हणजे कुलूप. शेवटचं चहाला उठताना दाबायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. आपल्या धंद्यात पडद्यावर दुसऱ्याच्या बँकेचं स्टेटमेंट उघडं असतं.

विंडोज + डावा बाण आणि विंडोज + उजवा बाण यांनी दोन खिडक्या अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर बसतात. डावीकडे पार्टीचं पर्चेस रजिस्टर, उजवीकडे जीएसटी पोर्टलवरचं २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी. जुळवणीला याहून सोपं काही नाही. पूर्वी आम्ही एकाची प्रिंट काढून पेन्सिलीने टिका मारत बसायचो.

विंडोज + व्हीवर मात्र मी जरा थांबणार. साध्या कंट्रोल + सीमध्ये शेवटची कॉपी केलेली एकच गोष्ट राहते. विंडोज + व्ही पहिल्यांदा दाबलं की 'चालू करू का' असं विचारतं, आणि चालू केलं की शेवटच्या २५ गोष्टींची यादी समोर येते. त्यातली हवी ती निवडा, एंटर मारा, चिकटली. पुन्हा पुन्हा लागणारा मजकूर पिन करून ठेवता येतो. मी आमच्या ऑफिसचा पत्ता आणि दोन मोठ्या पार्ट्यांचे १५ अक्षरी जीएसटी क्रमांक पिन करून ठेवलेत. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की पिन केलेलं तेवढं राहतं, बाकीचं पुसलं जातं. पण दिवसभरात तुम्ही कुणाचा पासवर्ड कॉपी केला असेल तर तोही त्या यादीत बसलेला असतो! दोघांत एक संगणक असेल तर उठण्याआधी यादी साफ करा. आमच्याकडे हे एकदा अंगाशी येता येता राहिलं, तेव्हापासून मी पासवर्ड कॉपी करतच नाही, टाइप करते.

पडद्याचा तुकडा कापून पाठवायचा तर विंडोज + शिफ्ट + एस. पोर्टलवर चूक दाखवणारी लाल ओळ आली की मोबाइलने पडद्याचा फोटो काढून साहेबांना पाठवणारे मी अजून बघते. त्या फोटोत ट्यूबलाइट दिसते, चूक दिसत नाही.

फाइलींच्या बाबतीत एफ२. फाइल निवडून एफ२ दाबलं की नाव बदलता येतं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण नाव बदलून एंटरऐवजी टॅब दाबला की पुढच्या फाइलचं नाव बदलायला तयार होतं, हे फारच थोड्यांना. स्कॅन करून आलेली चाळीस बिलं असतात ना, आकड्यांच्या लांबलचक नावांची, ती अशी भराभर होतात. नवं फोल्डर कंट्रोल + शिफ्ट + एन. शिफ्ट + डिलीट जपून, कारण तसं पुसलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. पेनड्राइव्हवरून तर साधं डिलीट केलं तरी सहसा तिथे जात नाही, आणि हे कळायला एक पेनड्राइव्ह जावा लागतो.

एक्सेलचा वेगळाच ग्रंथ आहे, त्यात शिरत नाही. ऑल्ट + बरोबरचं चिन्ह म्हणजे बेरीज, कंट्रोल + अर्धविराम म्हणजे आजची तारीख, कंट्रोल + शिफ्ट + एल म्हणजे फिल्टर. एवढे घ्या, बाकीचे आपोआप येतील. एक दुखणं मात्र सांगते, कारण महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला त्यासाठी हाक मारतं. बाण दाबला की चौकट सरकायच्या ऐवजी अख्खी शीटच सरकते. व्हायरस नाही, स्क्रोल लॉक चालू झालेलं असतं. लॅपटॉपवर बऱ्याचदा ते बटणच नसतं. मग विंडोज + कंट्रोल + ओ दाबा, पडद्यावर कीबोर्ड येईल, त्यातलं स्क्रोल लॉक बंद करा. (इथे माउस लागतो. कबूल.)

दुसरं तसंच दुखणं मराठी टायपिंगचं. मराठी कीबोर्ड घातला असेल तर विंडोज + स्पेसने भाषा बदलते, आणि बऱ्याच ठिकाणी डावं ऑल्ट + शिफ्ट दाबूनही. या दुसऱ्यामुळेच घोळ होतो. दुसरंच काही दाबताना भाषा बदलते, पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, आणि तुम्ही तीनदा 'चुकीचा' पासवर्ड टाकून खातं बंद पाडून घेता. पासवर्ड टाकण्याआधी उजव्या कोपऱ्यातली भाषा बघायची. इन्स्क्रिप्ट (विंडोजमधली मराठी कीबोर्डची मांडणी) वापरत असाल तर 'दऱ्या', 'व्यापाऱ्या'तला ऱ शिफ्ट + जेवर आहे. नोटिशीच्या उत्तरात 'व्यापार्यांना' असं गेलेलं मला बघवत नाही, म्हणून सांगितलं. आणि रुपयाचं चिन्ह उजवं ऑल्ट + ४. पण ते इंग्रजीचा भारतीय कीबोर्ड निवडला असेल तरच उमटतं, अमेरिकी असेल तर नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

संगणक अडकला तर सगळ्यांचे हात आधी कंट्रोल + ऑल्ट + डिलीटवर जातात. त्याची गोष्ट गमतीची आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने मशीन पटकन पुन्हा चालू करता यावं म्हणून तो घातला. आधी त्यात डिलीटऐवजी एस्केप होतं, पण ते एका हातानेही दाबलं जायचं आणि चालू काम उडायचं. म्हणून मुद्दाम दोन हात लागतील अशी बटणं निवडली. आता त्याने मशीन थेट बंद-चालू होत नाही, एक निळा मेनू येतो. त्या मेनूतून टास्क मॅनेजरवर जाण्यापेक्षा सरळ कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा. अडकलेल्या प्रोग्रॅमवर बाणाने या आणि डिलीट दाबा, तो बंद पडतो. त्यातलं न जपलेलं काम मात्र गेलं असं समजा. पडदाच काळा झाला आणि संगणक चालू असल्याचा आवाज येतोय, तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी एकत्र दाबून बघा. डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो, उघड्या फाइली तशाच राहतात. दर वेळी जमतं असं नाही, पण बटण दाबून मशीन बंद करण्याआधी एकदा करून बघायला काय जातं?

साहेबांवर छाप पाडायची असेल तर प्रिंटरचं शिका. प्रिंट अडकते, रांगेत 'डिलीटिंग' असं दिसत राहतं, काही केल्या हलत नाही. विंडोज + एक्स दाबा, मग ए. परवानगी विचारेल, 'हो' म्हणा. काळी किंवा निळी खिडकी उघडेल. तिच्यात रोमन अक्षरांत नेट स्टॉप स्पूलर असे तीन शब्द टाइप करून एंटर, मग नेट स्टार्ट स्पूलर आणि एंटर. प्रिंटरचं काम सांभाळणारी सेवा बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि बहुतेक वेळा रांग हलते. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवसापासून ऑफिसात मला 'मॅडम' म्हणायला लागले.

शिकायचं कसं, तर माझ्या त्या २० तारखेसारखं. फक्त तुम्ही २० तारीख निवडू नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, काम कमी असताना, दुपारी एक तास माउस ड्रॉवरमध्ये ठेवा. जिथे अडाल तेवढंच शोधा आणि मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवा. एका वेळी तीनच. पाठ झालेली चिठ्ठी काढून टाका. माझ्या मॉनिटरवर सध्या एकच आहे, आणि ती किराणाची आहे.

राहिलं एक. तुम्हाला ऑफिसने लॅपटॉप दिला असेल तर एफ२ दाबल्यावर नाव बदलायच्या ऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त होईल. तेव्हा एफएन धरून एफ२ दाबायचं. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केप एकदा दाबलं की ही अदलाबदल कायमची होते. टॅलीत दिवसभर एफ५, एफ६ करायचं असेल तर हे आजच करून घ्या, नाहीतर प्रत्येक पेमेंटला पडद्याचा उजेड तरी जाईल नाहीतर आवाज तरी.