संगणक-सल्ला : लाल ओळी वरून वाचा

(आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थात रोमन लिपी.)

प्रश्न : काजूच्या दुकानाचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम नव्या विंडोज लॅपटॉपवर घेतोय. पायथन ३.१२ टाकलं. प्रोग्रॅमला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतलं पांडास १.५.३ (तक्त्यांवर काम करणारं पॅकेज) इन्स्टॉल होताना ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं’ असं येऊन थांबतं. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल शोधून टाकलं, तरी तेच.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : रीडिस्ट्रिब्युटेबलमध्ये कम्पायलर, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारं साधन, नसतो. तयार प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या फाइली तेवढ्या असतात. हवा होता वाटायचा रगडा, आलं ताट!

पण तुम्हाला कम्पायलर तरी कशाला हवा? पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम, आधी तुमच्या पायथनला जुळणारं तयार पॅकेज शोधतो; त्याला व्हील म्हणतात. ते मिळालं नाही की मूळ सोर्स उतरवून तुमच्याच मशीनवर बांधायला घेतो, आणि त्यासाठी कम्पायलर मागतो. पांडास १.५.३ची व्हील्स पायथन ३.११पर्यंतच निघाली. ३.१२साठीची २.१.१पासून मिळतात. म्हणजे खरी अडचण आवृत्त्यांची आहे. शेवटची लाल ओळ पाहून धावू नका, वर जा. जिथे फाइलचं नाव ‘टार डॉट जीझेड’ने (सोर्सचं गाठोडं) संपतं, तिथून बांधकाम सुरू झालं असं समजा. व्हीलच्या नावात ‘सीपी३११’ म्हणजे पायथन ३.११ आणि ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट विंडोज. एएमडी वाचून दचकू नका, इंटेलच्या प्रोसेसरलाही तेच चालतं.

आता उपाय. पायथनच्या साइटवरून ३.११.९चा ६४ बिट इन्स्टॉलर घ्या. ३.११च्या पुढच्या दुरुस्त्या फक्त सोर्स म्हणून येतात, विंडोजचा इन्स्टॉलर याच आवृत्तीपर्यंत आहे. ३.१२ काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी नांदतात. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ‘पाय -३.११ -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे नव्या फोल्डरचं नाव देऊन वेगळं वातावरण, म्हणजे या प्रोग्रॅमपुरतं वेगळं पायथन, करा, ते चालू करा आणि यादी पुन्हा इन्स्टॉल करा. या वेळी ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ जोडा. मग व्हील नसलेल्या पॅकेजचं नाव पिप लगेच सांगतो, तासभर कम्पायल करत बसत नाही.

एखाद्या पॅकेजला व्हील नसेलच, तर व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स घ्या आणि त्यात ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ यावर खूण करा. ती खूण राहिली तर कम्पायलर येतच नाही. डाउनलोड काही जीबींचं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊ नका. पायथनचा इन्स्टॉलर जेमतेम २५ एमबीचा. शिवाय कम्पायलर असूनही जुनं पॅकेज नव्या पायथनवर बांधलं जाईलच असं नाही, कारण पायथनची आतली सी रचना आवृत्तीगणिक बदलते.

प्रश्न : जुन्या वेबसाइटच्या कामात एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल दिलं की नोड-जिपवर अडतं : ‘डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’. जावास्क्रिप्टच्या कामात पायथन कुठून आलं?
— विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : सी++मधली पॅकेजं नोडसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) बांधायचं काम नोड-जिप करतं आणि त्याला पायथन लागतं. पॅकेजं बांधायचं डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल पायथन ३.१२मधून काढलं गेलं. नोड-जिप १०च्या आधीच्या आवृत्त्या मात्र त्यावरच चालतात. त्याच पायथनमध्ये पिपने सेटअपटूल्स टाकलं की वेळ निभावते.

मुळात जुनं नोड-जिप कोण ओढून आणतंय ते ‘एनपीएम एलएस नोड-जिप’ने बघा. बहुतेकदा नोड-सास (सास भाषेतल्या स्टाइलशीटपासून सीएसएस बनवणारं पॅकेज) असतं. ते आता सांभाळलं जात नाही. ते काढून ‘सास’ हे पॅकेज घाला, त्याला सी++ बांधायला लागत नाही. स्टाइलशीटमध्ये भागाकाराच्या तिरप्या रेघेबद्दल इशारे येतील. त्याने काम अडत नाही.

आणि मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हवरून नोड_मॉड्यूल्स फोल्डर उचलू नका. त्यातली बांधलेली पॅकेजं तिच्या मशीनच्या आणि नोडच्या आवृत्तीची असतात.

प्रश्न : उबुंटूवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू आहे, तरी पायथनमधून त्याला जोडणारं सायकोपीजी२ हे पॅकेज इन्स्टॉल होताना म्हणतं ‘पीजी_कॉन्फिग सापडत नाही’.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सर्व्हर वेगळा, कम्पायल करायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. ॲप्टने (उबुंटूची पॅकेजं टाकणारी आज्ञा) लिबपीक्यू-डेव्ह, पायथन३-डेव्ह आणि बिल्ड-इसेन्शियल टाका. नुसतं करून बघायचं असेल तर सायकोपीजी२-बायनरी पुरे.

प्रश्न : कुळागरात कॅमेरा लावायला १ जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनसीव्ही (चित्रं ओळखायचं पॅकेज) बांधतोय. बराच वेळ चालतं, मग नुसतं ‘किल्ड’ येतं.
— बागायतदार, वाळपई

उत्तर : मेमरी संपली म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कम्पायलर मारला. त्याच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ आज्ञेमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. बांधायचंच असेल तर स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी कार्डावरची जागा) २ जीबी करा आणि मेक ही बांधणीची आज्ञा ‘-जे१’ने, म्हणजे एका वेळी एकच फाइल, चालवा. वेळ खूप लागेल, आणि पावसात मध्येच वीज गेली तर एसडी कार्डही बिघडू शकतं.

त्यापेक्षा ॲप्टने तयार पायथन३-ओपनसीव्ही घ्या. वेगळं वातावरण वापरत असाल तर ते ‘--सिस्टिम-साइट-पॅकेजेस’ देऊन नव्याने करा, नाहीतर ॲप्टने टाकलेलं त्याला दिसणार नाही.