उंची कमी असेल तर बास्केटबॉलमध्ये रिबाउंड कसे घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची ५ फूट ८ इंच, कॉलेजच्या संघात फॉरवर्ड (पुढच्या फळीत) खेळता, बचाव चांगला होतो, समोरच्याचा शॉट चुकतोही, पण रिबाउंड (चुकून परत उसळलेला चेंडू) दर वेळी त्यांचा उंच खेळाडू घेऊन जातो. उडी वाढवायला कोणता व्यायाम करावा?

व्यायाम जरूर करा. पण तुमचे रिबाउंड उडी कमी पडल्यामुळे जात नसावेत. ते उडीच्या आधी, शॉट हातातून सुटल्यापासून रिंगला लागेपर्यंतच्या वेळात जातात. तीन गुणांच्या रेषेवरून मारलेल्या शॉटला तेवढं अंतर कापायला एक-सव्वा सेकंद लागतो. त्या वेळात बहुतेक जण मान वर करून चेंडूकडे बघत बसतात आणि त्यांचा माणूस बाजूने सरकून रिंगच्या बाजूला जाऊन उभा राहतो. मग तुम्ही कितीही उंच उडालात तरी त्याच्या पाठीमागूनच उडणार. रिंग ३.०५ मीटरवर असली तरी रिबाउंड घेताना चेंडू खाली येत असतो, आणि बरेचसे रिबाउंड रिंगच्या उंचीच्या खालीच हातात येतात. म्हणून जागा ज्याची, चेंडू बहुधा त्याचा. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १९८६-८७ च्या मोसमात सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड घेणारा चार्ल्स बार्कली (सरासरी १४.६) नोंदीप्रमाणे ६ फूट ६ इंचांचा होता. आपल्याकडे ही उंची मोठी वाटेल, पण तो रोज रिंगखाली खेळणाऱ्या सात फुटी सेंटरशी झुंजत होता.

जागा मिळवायची ती बॉक्स आउट करून, म्हणजे आपल्या माणसाला पाठीवर थोपवून रिंगपासून दूर ठेवून. शॉट सुटला की शूटरवर असलेल्याने मोठ्याने ‘शॉट!’ ओरडायचं. ती हाक ऐकली की नजर चेंडूवरून काढा आणि आपला माणूस शोधा. त्याच्याकडे एक पाऊल टाका आणि हात कोपरात दुमडून कोपरापुढचा भाग त्याच्या छातीला टेकवा. ढकलायचं नाही, फक्त तो कुठल्या बाजूने निघालाय ते हाताला कळू द्यायचं. तो ज्या बाजूने जाईल ती वाट अडवत पिव्हट करा (एक पाय जागेवर ठेवून वळा), पाठ त्याच्याकडे करा आणि खुर्चीत बसावं तसं खाली बसा, तुमची बैठक त्याच्या मांड्यांवर येईल इतकं. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, कोपरं बाजूला, तळवे खांद्यांच्या वर उघडे. उंच माणसाचा भार त्याच्या वरच्या अंगात असतो. मांड्यांना टेकून कुणी खाली बसलं की त्याला नीट उडताच येत नाही. इथे कमी उंचीचा उलट फायदाच आहे.

चुका होतात त्या इथेच. पहिली म्हणजे अंगाला अंग न लावता नुसतं वळून रिंगकडे तोंड करणं. त्याला बॉक्स आउट म्हणत नाहीत. पाठीमागचा माणूस कुठे गेला हे तुम्हाला कळणारच नाही. दुसरी, सरळ गुडघ्यांनी उभं राहणं; एका हलक्या धक्क्यात तुम्ही दोन पावलं आत जाता. तिसरी, हात मागे नेऊन त्याला धरून ठेवणं. रेफरीला ते लगेच दिसतं, आणि त्या क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल आधीच झाले असतील तर समोरच्याला थेट दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात.

सगळ्यात जास्त रिबाउंड कुठे निसटतात, तर शॉटच्या विरुद्ध बाजूला. समजा, उजव्या कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट गेला. तुम्ही मदतीला पेंटमध्ये (रिंगसमोरच्या आयताकृती पट्ट्यात) उभे आहात आणि तुमचा माणूस डाव्या विंगला, म्हणजे डाव्या बाजूला बाहेर, तीन-चार मीटर लांब. तुम्ही रिंगखाली थांबून वाट बघितली तर तो पळत येऊन, वेग घेऊन उडतो आणि तुम्ही जागच्या जागी उडता. अशा वेळी आत जाऊ नका. त्याच्याकडे दोन-तीन पावलं बाहेर जा आणि पेंटच्या कडेलाच त्याला गाठा. त्याचा वेग तिथे मोडला की अर्धं काम झालं. कोपऱ्यातून चुकलेले शॉट बहुतांशी पलीकडच्याच बाजूला पडतात, म्हणजे नेमके तुमच्याकडे.

चेंडू कुठे पडेल याचा अंदाज शिकता येतो. लांबून मारलेला शॉट लांब उसळतो, सपाट शॉट त्याहून लांब, आणि उंच कमानीचा रिंगजवळच पडतो. आखूड पडलेला शॉट पुढच्या कडेला लागून शूटरकडे परत येतो. डेनिस रॉडमन (६ फूट ७ इंच, १९९१-९२ पासून सलग ७ मोसम एनबीएत रिबाउंडच्या सरासरीत पहिला) सरावात सहकाऱ्यांचे शॉट बघत कुणाचा चेंडू कसा फिरतो ते लक्षात ठेवायचा. तुम्हीही सामन्याआधी वॉर्मअपमध्ये समोरच्या दोन मुख्य शूटरचे चुकलेले शॉट कुठे पडतात ते पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर रिंगला स्प्रिंग नसते, ती बोर्डला घट्ट बोल्ट केलेली असते. तिथे चेंडू इनडोअरपेक्षा जोरात आणि लांब उडतो, म्हणून एक पाऊल बाहेरच राहा.

बाहेर म्हणजे किती? रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचा नो-चार्ज अर्धवर्तुळ (तिथे उभ्या बचावपटूला धडकल्याचा फाउल आक्रमकावर धरत नाहीत) आखलेलं असतं. तुमचा माणूस तुम्हाला रेटत त्याच्या आत घेऊन गेला तर जागा गेली असं समजा, कारण तिथे तुमच्या हातात येईल तो जाळीतून पडलेला चेंडू.

चेंडू उतरायला लागला की दोन्ही पायांवर उडा आणि दोन्ही हातांनी घ्या. हात पूर्ण ताणलेले असताना पकडा. तो छातीपर्यंत येण्याची वाट बघितलीत तर वरून कुणीतरी ओढून नेईल. पकडला की लगेच हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कोपरं फिरवायची मात्र नाहीत. कमरेपर्यंत खाली आणला तर त्यांचा बुटका गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा), जो इतका वेळ नुसता उभा होता, तो हात मारून घेऊन जातो. गर्दीत ड्रिबलही करू नका (चेंडू आपटत नेऊ नका). जवळच्या साइडलाइनच्या बाजूला वळा आणि फ्री थ्रोच्या रेषेइतक्या अंतरावर साइडलाइनजवळ थांबलेल्या आपल्या गार्डला पास द्या. मध्ये वळलात तर सगळे हात तिथेच असतात.

फ्री थ्रोचे रिबाउंड तर फुकट घालवू नयेत. पेंटच्या कडेच्या रांगेतली रिंगजवळची पहिली जागा दोन्ही बाजूंना बचावाचीच असते. शूटरच्या हातातून चेंडू सुटला की शेजारच्या माणसाच्या बाजूचा पाय त्याच्या पुढे आडवा टाका आणि खाली बसा. बचावाचे तीन जण रांगेत असतात. तिसऱ्याचं काम शूटरला अडवणं, आणि तो हे नेहमी विसरतो.

आक्रमणात रिबाउंड घेतला तर शॉट क्लॉक (शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) १४ सेकंदांवर येतं, म्हणजे एक अख्खा नवा डाव. पण पाचही जण आत धावले तर पलीकडे समोरच्यांना सोपा ले-अप (रिंगजवळून धावत मारलेला शॉट) मिळतो. तीन जणांनी जायचं, दोघांनी मागे यायचं, आणि ते दोघे कोण हे आधी ठरवून ठेवायचं.

सरावाला एक गोष्ट रोज करा. मधल्या वर्तुळाच्या केंद्रात चेंडू जमिनीवर ठेवा. तुम्ही आत, जोडीदार वर्तुळाच्या रेषेवर. शिट्टी वाजली की त्याने चेंडूला हात लावायचा प्रयत्न करायचा आणि तुम्ही ५ सेकंद त्याला पाठीवर थोपवायचं. अशा ६ फेऱ्या, मग अदलाबदल. जोडीदार मुद्दाम तुमच्याहून उंच घ्या. इथे उडी नाहीच, त्यामुळे पाय आणि बैठक कुठे कमी पडते ते लगेच कळतं. आठवड्याभराने चेंडू रिंगवर मारून तेच करा. उतरताना दोन्ही पाय रुंद ठेवून उतरा. गर्दीत दुसऱ्याच्या बुटावर पाय पडून घोटा मुरगळणं ही रिंगखालची नेहमीची दुखापत आहे, आणि एका पायावर उतरणाऱ्याला ती लवकर होते.