खुन्याचे पत्र आले आहे. मी त्याला भेटावे का?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलाचा खून झाला. दोषी ठरलेला तरुण जन्मठेप भोगत आहे. गेल्या महिन्यात त्याचे तुरुंगातून पत्र आले : ‘मी काय केले ते मला आता कळते आहे. जमले तर मला क्षमा करा आणि एकदा भेटा.’ माझे पती त्या पत्राला हात लावायलाही तयार नाहीत. माझी बहीण म्हणते, क्षमा करून टाक म्हणजे तुझा जीव हलका होईल. मला त्या मुलाचा संताप येतो, पण त्यालाच विचारता येतील असे काही प्रश्नही माझ्या मनात आहेत. भेटायला गेले तर क्षमा करावी लागेल का? आणि मी क्षमा केली नाही, तर माझेच काही चुकते आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. क्षमा न करण्यात आपले काहीही चुकत नाही. क्षमा करायची की नाही, केव्हा आणि कितपत करायची, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी आपला आहे. तो आपल्या बहिणीला नाही, पत्र लिहिणाऱ्याला नाही आणि मलाही नाही.

त्या पत्रात दोन मागण्या एकमेकींना जोडून आल्या आहेत, आणि आपली कोंडी त्यामुळेच झाली आहे असे मला वाटते. एक मागणी क्षमेची आहे, दुसरी भेटीची. दुसरी मान्य केली म्हणून पहिली मान्य करण्याचे बंधन आपल्यावर येत नाही. म्हणून या दोहोंचा विचार वेगवेगळा करू या.

ज्यांचे मूल असे हिरावले गेले आहे, अशा पुष्कळ आईवडिलांच्या मनात एक भीती घर करून असते आणि ती ते सहसा बोलून दाखवत नाहीत : आपण क्षमा केली तर तो आपल्या मुलाशी द्रोह ठरेल. खरे तर आपल्या मुलावर जो अन्याय झाला, तो माफ करण्याचा अधिकार फक्त त्याचाच होता आणि तो त्याच्याबरोबरच गेला. उद्या आपल्याला क्षमा करावीशी वाटलीच, तर ती आपल्यावर झालेल्या अन्यायापुरती असेल. आपली उडालेली झोप, घरात दाटलेला अबोला, मुलाच्या वयाचे कोणी दिसले की छातीत उठणारी कळ, एवढ्यापुरतीच. मुलाच्या वतीने आपल्याला काहीही सोडून द्यायचे नसते. ही गोष्ट स्पष्ट झाल्यावर कित्येकांच्या मनावरचा निम्मा ताण उतरलेला मी पाहिला आहे, मग त्यांनी पुढे क्षमा केलेली असो वा नसो.

आता ‘जीव हलका होईल’ याविषयी. एव्हरेट वर्थिंग्टन हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्षमेवर संशोधन करत होते, त्याच काळात, १९९६च्या नववर्षाच्या सुमारास, त्यांच्या वृद्ध आईचा तिच्या राहत्या घरात खून झाला. वर्थिंग्टन यांनी आपल्या कामात क्षमेचे दोन भाग केले आहेत. सूड घेणार नाही आणि त्या माणसाशी माणूस म्हणूनच वागेन असे ठरवणे, ही निर्णयाची क्षमा. मनातला कडवटपणा खरोखरच ओसरणे, ही भावनेची क्षमा. पहिली एका दिवसात होऊ शकते; दुसरीला वर्षे लागतात आणि काहींच्या बाबतीत ती होतच नाही. आपली बहीण पहिली मागते आहे आणि फळ मात्र दुसरीचे दाखवते आहे. तिची माया खरी असेल, यात मला शंका नाही. तरीही दुसऱ्याच्या आग्रहाखातर उच्चारलेल्या क्षमेने जीव हलका होत नाही. उलट, ‘आता तर क्षमा केलीस ना, मग अजून का रडतेस?’ असे विचारायला लोक मोकळे होतात.

भेटीचा विचार करताना पुनर्स्थापनात्मक न्याय या पद्धतीची माहिती आपल्याला उपयोगी पडेल. नेहमीच्या खटल्यात कोणता कायदा मोडला आणि त्याला शिक्षा किती, हे विचारले जाते. या पद्धतीत इजा कोणाला झाली, त्याला आज कशाची गरज आहे आणि ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारले जाते. १९७४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मिरा या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली होती. त्यांना त्या प्रत्येक दारी नेऊन, झालेले नुकसान ऐकून घ्यायला आणि भरून द्यायला लावले गेले. आधुनिक काळातील या पद्धतीची सुरुवात बहुधा या घटनेपासून सांगितली जाते. पुढे ती गंभीर गुन्ह्यांपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या तुरुंग विभागाने १९९३ पासून खून झालेल्यांचे नातलग आणि दोषी यांच्या भेटी घडवण्याचा कार्यक्रम चालवला. नातलगांनी मागणी केली तरच ती प्रक्रिया सुरू होते आणि भेटीत भाग घेतला म्हणून कैद्याला शिक्षेत किंवा सुटकेत कोणतीही सवलत मिळत नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे समोरच्याच्या पश्चात्तापावर विश्वास ठेवण्याला थोडा तरी आधार मिळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००२ मध्ये अशा प्रक्रियांसाठी मूलभूत तत्त्वे घालून दिली. दोन्ही पक्षांची संमती मुक्त असावी, ती केव्हाही मागे घेता यावी आणि घडलेल्या मूळ घटनेविषयी दोघांचे एकमत असावे, असे त्यांत म्हटले आहे. पीडिताने क्षमा करावी, अशी अट त्यांत कुठेही नाही.

मग भेटायचे कशासाठी? आपण स्वतःच ते लिहिले आहे : प्रश्नांसाठी. खटल्यात आपण पुरावे ऐकले, उलटतपासणी ऐकली, वैद्यकीय अहवाल ऐकला. पण आरोपी वकिलाच्या सल्ल्याने बहुधा गप्प बसतो आणि आईच्या मनातले प्रश्न कोणत्याच कागदावर येत नाहीत. शेवटच्या क्षणी तो काही बोलला का? कोणाला हाक मारली का? तू तिथून निघालास तेव्हा तो जिवंत होता का? याची उत्तरे जगात एकाच माणसाकडे असतात.

अशी भेट घाईने घडवू नये आणि थेट तर मुळीच नको. त्या पत्राला आपण स्वतः उत्तर पाठवू नका. तुरुंग प्रशासन आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेला मध्यस्थ यांच्यामार्फतच पुढे जा. असा मध्यस्थ मिळत नसेल, तर भेट न घेणेच बरे, असे माझे ठाम मत आहे. चांगला मध्यस्थ आधी कित्येक महिने दोघांना स्वतंत्रपणे भेटतो. आपले प्रश्न तो आपल्याकडून लिहून घेतो आणि त्यांतला प्रत्येक प्रश्न ‘याचे उत्तर “आठवत नाही” असे आले तर?’ आणि ‘उत्तर कल्पनेपेक्षा भयंकर असले तर?’ या दोन कसोट्यांवर आपल्यासमवेत तपासतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ऐकण्याची आपली तयारी नसेल, तो यादीतून काढायचा. खोलीत आधी कोणी यायचे, दाराजवळची खुर्ची कोणाची, शेजारी कोणी बसायचे, हे आधीच ठरवायचे. दाराजवळची खुर्ची आपल्याकडे असावी, म्हणजे उठून जावेसे वाटले तर त्याच्यासमोरून जावे लागत नाही. पुष्कळ नातलग टेबलावर आपल्या माणसाचा फोटो ठेवतात. आपल्यालाही तसे वाटले तर जरूर ठेवा, पण तो फोटो न्यायालयातला नसावा. हसरा, घरचा असावा, म्हणजे बोलणे कोणाविषयी चालले आहे ते त्या तरुणाच्या नजरेआड होणार नाही.

अशा भेटींचा गुण येतो का, याचाही अभ्यास झाला आहे. हेदर स्ट्रँग, लॉरेन्स शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. समोरासमोरच्या बैठकांनंतर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण काहीसे घटते आणि पीडितांचे समाधान वाढते, असे त्यात दिसले. मात्र तो पुरावा मुख्यत्वे चोरी, मारहाण अशा प्रकरणांतला आहे. मूल गमावलेल्या आईला त्यावरून कोणतीही हमी देणे मला योग्य वाटत नाही.

काळाचाही प्रश्न आहेच. १९९५ मध्ये सॅन डिएगो येथे अझीम खमिसा यांच्या वीस वर्षांच्या मुलाला चौदा वर्षांच्या टोनी हिक्सने गोळी घातली. खमिसा यांनी त्याच वर्षी टोनीच्या आजोबांपुढे मैत्रीचा हात केला आणि दोघांनी मिळून मुलांमधील हिंसेविरुद्ध काम उभे केले. प्रत्यक्ष टोनीला भेटायला मात्र त्यांना सुमारे पाच वर्षे लागली. क्षमेचे उदाहरण म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांनाही एवढा वेळ लागला.

आणि क्षमा न करणाऱ्यांची उदाहरणेही तितक्याच आदराने सांगितली पाहिजेत. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातील राजकीय गुन्ह्यांची पूर्ण कबुली देणाऱ्यांना खटल्यापासून माफी देऊ शकणारा सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे, तिथे मारल्या गेलेल्या एमी बील या अमेरिकी तरुणीच्या आईवडिलांनी तिच्या मारेकऱ्यांच्या माफीला विरोध केला नाही आणि त्यांतल्या दोघांना पुढे तिच्या नावाने काढलेल्या संस्थेत कामही दिले. त्याच देशात मात्र, १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू पावलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने त्याच माफीच्या तरतुदीला घटना न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते हरले, तरी १९९९ मध्ये त्या पोलिसांचे माफीचे अर्ज फेटाळले गेले. आम्हाला सत्यही हवे आहे आणि खटलाही हवा आहे, असे म्हणणाऱ्या त्या कुटुंबाला कोणी कोत्या मनाचे म्हणू शकेल का?

आपल्या पतींविषयी एवढेच सांगते की, त्यांनी पत्र वाचावे असा आग्रह धरू नका. आपण भेटायचे ठरवलेत तर ते त्यांना आधी सांगा आणि भेटीत काय झाले, हे त्यांनी विचारले तरच सांगा. एका घरात दोघांचे दुःख दोन वाटांनी जाऊ शकते, आणि ते नाते तुटत चालल्याचे लक्षण मानू नये.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या मारेकऱ्याला मी मनापासून क्षमा केली आहे. आता त्याने मुदतपूर्व सुटकेसाठी अर्ज केला असून मी त्याला लेखी विरोध करणार आहे. मित्र म्हणतात, मग ती क्षमा खोटी होती. – एक भाऊ

उत्तर : ती खोटी नव्हती. क्षमा आपल्या मनाशी आणि त्या माणसाशी असलेल्या आपल्या नात्याशी संबंधित आहे; त्याच्या सुटकेचा निर्णय इतरांच्या सुरक्षिततेशी संबंधित आहे. १९९९ मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि त्याच वेळी, क्षमा व गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असेही स्पष्ट केले. विरोध का करता आहात, हे मात्र स्वतःशी तपासून पाहा. तो आजही धोकादायक आहे असे मानण्याला आधार असेल, तर तो आधार आपल्या लेखी विरोधात नेमकेपणाने मांडा, कारण निर्णय घेणाऱ्यांना आपल्या दुःखाइतकीच त्या तपशिलाचीही गरज असते.

प्रश्न : माझ्या वडिलांनी माझ्या आईचा खून केला. खटला चालू आहे आणि मी साक्षीदार आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आई तर गेली, आता बापालाही घालवू नकोस, क्षमा कर आणि जबाब बदल.’ माझा धाकटा भाऊ वडिलांना भेटायला मागतो आहे. मी काय करू? – एक मुलगी

उत्तर : बाळ, तुला जे करायला सांगितले जात आहे, त्याचा क्षमेशी काहीही संबंध नाही. जबाब बदलणे म्हणजे शपथेवर खोटे बोलणे, आणि त्यासाठी तुझ्या मागे लागणे म्हणजे साक्षीदारावर दबाव आणणे. पुनर्स्थापनात्मक न्यायाची पहिली पायरी ही असते की, करणाऱ्याने ‘मी हे केले’ असे कबूल करावे. इथे तर सत्यच पुसायला सांगितले जात आहे, आणि तेही अशा माणसांकडून, ज्यांचे सख्य मारणाऱ्याशी अधिक आहे.

कुटुंबाच्या क्षमेचा असा वापर किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण पाकिस्तानच्या कायद्यात दिसले. तिथे वारसांनी माफ केले की खुनी सुटू शकत असे, आणि तथाकथित प्रतिष्ठेसाठी मुलींना मारणारे भाऊ व बाप त्याच वाटेने सुटत, कारण मारणारा आणि माफ करणारे एकाच घरातले असत. जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर प्रसिद्ध असलेल्या कंदील बलोच हिचा तिच्या भावाने खून केल्यावर मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला : अशा खुनात वारसांनी माफी दिली, तरी जन्मठेप कायम राहावी. त्यानंतरही पळवाटा राहिल्या, पण घरच्यांची माफी हीच मारणाऱ्याची ढाल होऊ शकते, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

तुझ्या वडिलांवर तुझी माया अजूनही असेल, तर तिची लाज बाळगू नकोस. ती माया आणि खरी साक्ष या दोन्ही गोष्टी तू एकाच वेळी करू शकतेस. जबाबाचा विषय कोणीही काढला, तर कोण, केव्हा आणि काय म्हणाले, ते त्याच दिवशी लिहून ठेव आणि सरकारी वकिलांना कळव. कोणत्याही कागदावर सही करू नकोस. राहायला सुरक्षित जागा हवी असेल, तर तेही त्यांनाच आधी सांग. ते मागण्यात संकोच नको. भावाला भेटावेसे वाटते, ते स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल त्याला रागावू नकोस. तोही साक्षीदार असेल, तर साक्ष पूर्ण होईपर्यंत भेट टाळावी. नसेल, तर मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला आधी भेटवून, त्याच्याच सोबतीने त्याला न्यावे. मागे लागलेल्या नातलगांपैकी कोणाबरोबरही त्याला पाठवू नकोस.